हापसू नको, बस तिथंच

आमच्यात नवस नाही, अंगारा नाही, आणि कुणी कृपेच्या गोष्टी सांगू लागलं की पहिली हसणारी मीच. त्यामुळे माझ्या बाबतीत जे घडलं त्याला काय नाव द्यायचं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. घडलं तसं सांगते. फक्त एक आधीच कबूल करून टाकते. अनुभव लिहिणारी माणसं स्वतःला फार शांत, फार समजूतदार दाखवतात. मी त्या वर्षी चुलीवरच्या हंड्यासारखी खदखदत होते. वाचणाऱ्याने हसू आलं तर हसावं, मीही लिहिताना हसतेच आहे.

मेहकर तालुक्यातल्या जानेफळला मी सून म्हणून आले तेव्हा सातवी पास होते, आणि त्या सातवीचा तोरा मॅट्रिकपेक्षा मोठा होता. आमच्या विहारात दरवर्षी वर्षावासात ग्रंथवाचन चालतं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, शेतातून आलं, हातपाय धुतले, पांढरं लुगडं नेसलं की सगळ्यांनी विहारात जमायचं. आधी वंदना, मग एकानं ग्रंथातला त्या दिवसाचा भाग मोठ्यानं वाचायचा, आणि वाचून झाला की आपल्या साध्या बोलीत सांगायचा. पहिल्याच वर्षी कुणाला तरी खोकला झाला आणि ग्रंथ माझ्यापुढे आला. मी दोन पानं वाचली. म्हाताऱ्या बायांनी माना डोलावल्या. झालं! त्या दिवसापासून ही पोरगी बिघडली. तेव्हाच्या मला आज कुठं पाहिलं असतं, तर मीच तिच्या डोक्यात टपली मारली असती. माईक हातात आला की मान अशी वाकडी करायची, जणू सारा जिल्हा ऐकतोय. भोंगा होता एकच, तोही चिंचेच्या झाडाला बांधलेला, आणि ऐकायला अर्धी माणसं, बाकीची म्हशी.

पण खरं सांगते, नुसता तोरा नव्हता. मला बोललेल्या शब्दाची ओढच होती. कागदावर झोपलेला शब्द तोंडातून निघाला की उठून बसतो, चालायला लागतो, समोरच्याच्या तोंडावर जाऊन टेकतो. हे पाहायचं मला वेडच लागलं होतं. सकाळी शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम, दुपारी निंदणाला, आणि सांजेला वाचन. खिचडी ढवळता ढवळता मी संध्याकाळचा भाग घोकायची, धूर तोंडात जायचा तरी थांबायची नाही. पोरं ताटल्या वाजवत म्हणायची, “मावशी, आज खिचडीले भाषण हाये का?” मालक वारले तेव्हाही मला तगवलं ते त्या सांजेच्या वाचनानंच. दिवसभर कसंबसं ढकलायचं आणि सांजेला एक पान तरी वाचायचं, तेवढ्यावर वर्ष निघालं.

गावात वाचणारी आणखी एक होती, माझी जाऊ पंचफुला. ती मोठेपणी, प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षर शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून वाचायची, एका शब्दावर पोचली की पुढच्यासाठी दम घ्यायची. मी सगळ्यांसमोर म्हणायची, “पंचफुला वाचते म्हंजे बैलगाडी गोट्यावरून चालली.” ती कुठं कमी होती? म्हणायची, “आन् तू वाचतं म्हंजे एसटी उताराले लागली. थांबा आला तरी थांबतच नाही, उतरनाऱ्यानं उतरावं कसं?” लोक हसायचे, मीही हसायची, आणि मनात म्हणायची, जळते माझ्यावर.

मग मुलाला देऊळगाव राजाला नोकरी लागली, सून तिथंच दवाखान्यात नर्स, आणि नातू झाला. सुनेची रजा संपत आली तसं मुलानं फोनवर सांगितलं, “माय, आता तुले यावंच लागते.” नातवाचं तोंड पाहून जीव हरखला होता, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. शाळेतला झारा दुसरीच्या हातात दिला, घराला कुलूप लावलं आणि आषाढाच्या तोंडावर देऊळगावला आले. आले खरी, पण चित्त सारं मागे. बालाजीच्या गावात राहत होते, दिवसभर रस्त्यावर वर्दळ, आणि मला घर खायला उठायचं. सांज झाली की पाय आपोआप दाराकडे जायचे. बाळाला मांडीवर घेऊन मी ग्रंथातला भाग म्हणायची, ते माझ्या नाकाला धरायचं. मग पंचफुलाला फोन. “कुठपर्यंत आलं? काय वाचलं? कोण कोण होतं? भोंगा नीट लावला का?” ती म्हणायची, “तू अशी इचारत जा, तोवर माह्या भाकरी जळतात.” तरी माझा जीव राहायचा नाही. दर रविवारी पहाटेची गाडी धरून मेहकर, तिथून दुसरी गाडी जानेफळ, सांजेला वाचन, आणि सोमवारी पोळ्या लाटायला परत देऊळगावात. इथं असले की तिथलं, तिथं गेले की बाळ रडत असेल. दोन्हीकडे होते आणि कुठंच नव्हते.

असं करता करता भाद्रपदात घसा बसला. मी ओव्याची गुळणी केली, हळद घेतली, आणि खरवडत खरवडत वाचतच राहिले. एका सकाळी बाळाला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा निघाली. सुनेनं हाताला धरून घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आत आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले की घशात गाठी आल्यात, बोलणं पूर्ण बंद, कुजबुजणंसुद्धा नाही. ऐकलं तर आवाज हळूहळू परत येईल, नाही ऐकलं तर कापाकापी, आणि मग काय उरेल याची हमी नाही. घरी येताना सुनेनं दुकानातून एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा घेतला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आई, आता तुमी पयलीत.”

त्या दिवसांत मी काय काय विचार केले, सांगायची लाज वाटते. ज्या शब्दांची मी इतकी वर्षं सेवा केली, त्यांनीच माझा गळा धरावा? मग वंदना, वाचन, पांढरं लुगडं, हे सगळं कशासाठी केलं? पाटीवर “मीठ कमी आहे” लिहायला का? रुसले मी. सांजेला फोन येईल म्हणून वाट पाहायची आणि आला की घ्यायची नाही, घेऊन तरी काय करणार? शेवटी पंचफुलानंच सुनेच्या फोनवर निरोप दिला, “तिले सांग, समाप्तीचा भाग तिच्याचसाठी ठेवला. आम्ही कोनी हात नाही लावत.” हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. समाप्तीला मी जाणार, आणि वाचणार. गळा फाटला तर फाटला. दुसऱ्या कुणी शेवट वाचला तर मी मेल्यासारखीच. तेव्हाची माझी अक्कल एवढीच होती.

आश्विन पौर्णिमेला सुनेनं सुटी घेतली होती. निघताना तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. “आई, फक्त बसून यायचं. तोंड उघडलं तर मले कळल्याबिगर राहत नाही, पंचफुलाकाकी सांगनारच.” मी पाटीवर लिहिलं, “बरं.” लिहून खोटं बोलणं किती सोपं असतं, ते त्या दिवशी कळलं.

गाडीत खिडकी मिळाली. मी मनातल्या मनात शेवटचा भाग घोकत होते, कुठं आवाज चढवायचा, कुठं उतरवायचा. दुसरबीडला एक बाई चढली, माझ्याच वयाची, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, आणि भाजीचं हे एवढं गाठोडं. “सरक वं माय जराशी,” म्हणत माझ्या शेजारी बसली. गाठोड्यात सांबार होता, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी. लेकीकडे मेहकरला चालली होती. हे सगळं तिनं गाडी हलायच्या आत सांगून टाकलं. मी काही बोलेना, तशी म्हणाली, “काऊन वं, घरच्यायवर रागावली का?” मी पाटी काढून लिहिलं, “घसा बसला आहे, बोलायचं नाही.” तिनं पाटी पाहिली. “मले नाही वाचता येत माय.” मग मी गळ्यावर हात ठेवून मान हलवली. ती चुकचुकली. “मुकी हायेस? असू दे बाप्पा. आमच्या घरी एखांदी मुकी असती त किती बरं झालं असतं!”

कंडक्टर आला. मी पाटीवर गावाचं नाव लिहून दाखवलं. तो मोठ्यानं म्हणाला, “जानेफळ? मावशी, मेहकरले गाडी बदलावी लागन.” हे ऐकलं आणि बाई एकदम माझ्याकडे वळली. “जानेफळची हायेस तू? मी येऊन गेली वं तुह्या गावाले. सोयाबीन सोंगाले आली होती.” सोंगायला म्हणजे कापणीला.

मग ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. दुसरं काही करताच येत नव्हतं. इतकी वर्षं लोकांना ऐकवलं, पण कुणाचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकल्याचं मला आठवत नाही. तिचं लेकरू गेलं होतं, तापानं. नुकतंच शाळेत जायला लागलेलं. “घरात बसवनं होये ना,” ती म्हणाली. “जिकडं पाहावं तिकडं त्याचं दप्तर. म्हनून टोळीसंगं निघाली सोंगनीले. रडू म्हनशीन तर येकही थेंब नाही. माही सासू म्हने, हिचं काळीज दगडाचं हाये.” एका सांजेला ती घागर घेऊन पाण्याला गेली. हापशी एका देवळासारख्या घराशेजारी होती, आत माणसं पांढऱ्या कपड्यात बसलेली, भोंग्यावर कुणी बाई काहीतरी वाचत होती. हिनं हापसायला सुरुवात केली. हापशी जुनी, तिचा कर्कर आवाज. “तं त्या भोंग्यातून वाचनारीच वरडली ना वं! ‘कोन हाये हापशीवर? हापसू नको, बस तिथंच!’ साऱ्या गावानं आयकलं. मी अशी भेली, घागर पायापाशी घेऊन खालीच बसली.”

मी पुरती तिच्याकडे वळून बसले. विहाराजवळच्या त्या हापशीनं मला फार छळलं होतं. ऐन रंगात आलेलं वाचन त्या करकरीनं मोडायचं, आणि माईकवरून असं खेकसणारी गावात एकच बाई होती.

“बसली,” ती पुढे म्हणाली, “आन् मंग ते वाचनं फिरून सुरू झालं. काय होतं ते नाही सांगता येत मले. येवढंच समजलं, का आपल्या येकटीचंच घर जळून नाही राह्यलं. आन् मंग जे रडू आलं माय! हापशीले धरून रडली. लेकरू गेल्यापासून पयल्यांदा. दुसऱ्या दिवशी भूक लागली मले.”

आता माझी अवस्था सांगते. आयुष्यभर ज्या कौतुकासाठी कान टवकारून बसले ते शेजारी येऊन बसलं होतं, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं! मी दोन्ही हातांनी छाती बडवायला लागले, मी, मी, ती मी! बाई दचकली. उठून उभीच राहिली. “ओ कंडक्टर भाऊ, गाडी थांबवा! मुक्या बाईच्या छातीत कळ निंगाली!” गाडी थांबली. मागून पाण्याची बाटली आली, पुढून कांदा आला, एक म्हातारबुवा माझे तळपाय घासायला लागले, ड्रायव्हर म्हणे दवाखान्यात घेऊ का. मी नाही नाही म्हणून मान हलवतेय आणि ही माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरतेय. शेवटी मी उठून हसून दाखवलं तेव्हा कुठं गाडी निघाली. तिनं कनवटीचा ओवा काढून माझ्या तोंडात घातला. “चावत राह्य. गॅस असन.”

तरी माझी खाज जाईना. पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, “ती वाचणारी मीच.” तिला वाचता येत नाही, हे तिनं मघाशीच सांगितलं होतं, पण गर्वाला कुठलं काय आठवतं! तिनं पाटी कौतुकानं पाहिली. “अक्षर मोठं साजरं हाये वं तुहं. थांब, भाऊले वाचाले लावतो.” आणि तिनं पुढे उभ्या कंडक्टरला हाक मारली. तो तिकिटं फाडत होता, म्हणाला, “आलोच मावशी.” मी पाटी छातीशी धरून बसले. आता दोन मिनिटांत तो मोठ्यानं वाचणार, सारी गाडी वळून पाहणार, ही माझे हात धरणार. माझ्या कानात टाळ्या आधीच वाजायला लागल्या होत्या.

तो येईपर्यंत बाई खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर शेतांत सोंगलेल्या सोयाबीनचे ढीग. स्वतःशीच बोलावं तसं ती म्हणाली, “त्या वाचनारीचं तोंड नाही पाह्यलं मी. बरंच झालं. पाह्यलं असतं त तिचं तोंड ध्यानात राह्यलं असतं, तिचं लुगडं राह्यलं असतं. बोलनं नसतं राह्यलं. आता कवाबी जीव घाबरा झाला, का ते बोलनं येते आन् बसते माह्यापाशी. कोनाचं हाये, मले काय करा लागते?”

मी पदराच्या टोकानं पाटी पुसली. कुणी सांगितलं नाही, मी ठरवलंही नाही. हात गेला आणि पुसली.

कंडक्टर आला. “हं, काय वाचाचं?” पाटी कोरी. बाई म्हणाली, “पुसलं बाप्पा तिनं. बायकायचं असंच अस्ते.” तो हसत पुढे गेला. आणि माझ्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेना. तिनं ओळखलं नाही कशासाठी, विचारलंही नाही. नुसता माझा हात हातात घेतला आणि मेहकरपर्यंत धरून बसली. चिखलानं भेगाळलेला, कोथिंबिरीचा वास येणारा हात. कित्येक महिन्यांनी मी एका जागी बसले होते. इथं होते आणि इथंच होते.

मेहकरच्या स्टँडवर तिनंच माझी गाडी शोधली, मला वर ढकललं, आणि ड्रायव्हरला बजावलं, “मुकी हाये बिचारी. जानेफळले आठवनीनं उतरवा.” गर्दीत ती दिसेनाशी झाली. नाव विचारायचं राहिलं. जानेफळला गाडी थांबली तेव्हा पंचफुला मला घ्यायला उभी होती, आणि ड्रायव्हर ओरडला, “ती मुकी बाई उतरवा!” पंचफुलानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि रस्त्यातच पोट धरून खाली बसली. अख्ख्या पंचक्रोशीत मला मुकी म्हणणारा तो पहिला माणूस.

विहार भरला होता. वंदना झाली, माझे ओठ हलले, आवाज नाही. मग सगळ्यांनी मला पुढे जागा करून दिली. ग्रंथ पाटावर, पान उघडलेलं, माईक तयार. मी ग्रंथावर हात ठेवला, त्याला वंदन केलं, आणि पाट सरकवून पंचफुलाकडे वळवला. ती कुजबुजली, “काऊन वं? तुह्यासाठी ठेवला ना!” मी तिचं बोट धरलं आणि पहिल्या ओळीखाली ठेवलं. आणि उठून बाहेर गेले. लोकांना वाटलं असेल, रुसली. मी जाऊन हापशीपाशी बसले. पाय पसरून, खांबाला टेकून, जिथं ती बसली असेल तिथं.

पंचफुला वाचू लागली. तिची तीच बैलगाडी. एक शब्द, दम. दुसरा शब्द, दम. जो भाग मी दरवर्षी वेशीपर्यंत धडधडत नेत होते, तो एकेक शब्द करत माझ्यापाशी येत होता, आणि दोन शब्दांच्या मधल्या जागेत मालकांचं शेवटचं आजारपण मावलं, कुलूप लावलेलं घर मावलं, देऊळगावचं बिऱ्हाड, बाळाचं हसणं, माझी सारी तगमग मावली. सगळ्याला जागा होती. घाई फक्त मला होती. पूर्ण वाचन मी बाहेर बसून ऐकलं. नंतर पंचफुला खिरीची वाटी घेऊन आली, शेजारी टेकली आणि म्हणाली, “उतरलीस का शेवटी थांब्यावर?”

आवाज पुढे आला परत, पण अर्धा. खरखरीत, आणि दमणारा. आता देऊळगावातच राहते. दुपारी घरातलं आवरून चार बाया जमतात, मी वाचते, हळू वाचते, कारण दुसरं जमतच नाही. नातू शाळेतून येऊन दारात ऐकत उभा राहतो आणि म्हणतो, “आज्जी, तुहं नेट स्लो झालं.” घरकाम, बाळंतपणं, गाव सुटणं, यातलं काही वाचनाच्या आड आलंच नव्हतं. आड मी होते. शब्द माझे नव्हते, हापशी माझी नव्हती. त्या सांजेला माझा म्हणावा असा फक्त राग होता, आणि त्याचाही कुणी तरी उपयोग करून घेतला. कुणी, ते मी म्हणत नाही. सांजेला मेणबत्ती लावताना दुसरबीडच्या त्या बाईला मनोमन हात जोडते, एवढं मात्र नेमानं करते.

मेहकरच्या गाडीत बसले की अजूनही दुसरबीडला मान वर करून पाहते. पहिल्या पहिल्यांदा मी मनात तयारी करायची, भेटली की कसं सांगायचं, ती मीच म्हणून. आता ठरवून ठेवलंय, भेटलीच तर खिडकी तिला द्यायची आणि ती सांगेल ते ऐकायचं. आता मला बोलता येतं, तेवढी एक अडचण आहे.